खारबांध, खाडी आणि किनारी समाज : कुलाबा–रायगड जिल्ह्यातील शेतकरी व मच्छीमारांच्या आघातप्रवणतेची ऐतिहासिक मीमांसा

प्रस्तावना

हवामानबदलाचे संकट जागतिक असले तरी त्याचा आघात सर्व समाजघटकांवर सारखा होत नाही. एकाच वादळात एका घराचे छप्पर उडते आणि ते महिन्याभरात पुन्हा उभे राहते. शेजारच्या घराला मात्र त्याच वादळातून सावरण्यास दहा वर्षे लागतात. हा फरक निसर्गाने केलेला नसतो. जमिनीचा हक्क, कर्जाचा बोजा, शासकीय दप्तरातील नोंद आणि सामुदायिक व्यवस्थेचे बळ या गोष्टींतून तो घडत आलेला असतो. या फरकाच्या मोजमापास अभ्यासक आघातप्रवणतेचे मूल्यमापन असे म्हणतात. गेल्या दोन दशकांत असे मूल्यमापन भूगोल, कृषिशास्त्र व अर्थशास्त्र या विषयांच्या अभ्यासकांनी मोठ्या प्रमाणावर केले आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष दिलेले दिसते.

प्रस्तुत निबंधात पूर्वीच्या कुलाबा व १९८१ पासून रायगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील खारेपाटाचे शेतकरी आणि किनाऱ्यावरील मच्छीमार यांच्या आघातप्रवणतेचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. किनारी समाजाची आघातप्रवणता समुद्राच्या वाढत्या पातळीतून जितकी निर्माण होते, तितकीच ती बांध राखण्याची जबाबदारी कोणाची आणि हक्काची नोंद कोणाच्या नावे, या दोन प्रश्नांच्या इतिहासातून निर्माण होते, असे या निबंधाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

संकल्पना आणि मूल्यमापनाची मर्यादा

हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाने आपल्या २००१ च्या तिसऱ्या व २००७ च्या चौथ्या अहवालात आघातप्रवणतेचे तीन घटक मानले : संकटाशी येणारा संबंध, संवेदनशीलता आणि अनुकूलनक्षमता. २०१४ च्या पाचव्या अहवालात ही मांडणी बदलली. संकट आणि त्याच्याशी येणारा संबंध हे घटक वेगळे काढून आघातप्रवणता ही समाजाच्या अंगभूत स्थितीशी जोडण्यात आली आणि या तिन्हींच्या संयोगातून जोखीम निर्माण होते असे मानण्यात आले. हा बदल केवळ परिभाषेचा नाही. वादळ येण्यापूर्वीच समाज दुर्बळ का होता, हा प्रश्न त्यामुळे मध्यवर्ती ठरला, आणि हा प्रश्न मूलतः इतिहासाचा आहे.

या दिशेने विचार पूर्वीही झाला होता. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुष्काळविषयक ग्रंथात अन्नाच्या तुटवड्यापेक्षा अन्न मिळविण्याच्या हक्काचा ऱ्हास महत्त्वाचा मानला. कॅरेन ओब्रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये भारतातील शेतीसंबंधी केलेल्या अभ्यासात हवामानबदल आणि जागतिकीकरण यांचा दुहेरी आघात जिल्हावार नकाशांतून दाखविला. हैदराबाद येथील केंद्रीय कोरडवाहू कृषी संशोधन संस्थेने २०१३ मध्ये देशातील ग्रामीण जिल्ह्यांच्या शेतीच्या आघातप्रवणतेचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. नियोजनाच्या दृष्टीने हे कार्य मोलाचे आहे. तथापि जिल्हा हे एकक घेतल्यास पनवेलचे नागरीकरण, अलिबागचा खारेपाट, श्रीवर्धनच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आणि मुरूडचे कोळीवाडे एकाच सरासरीत मिसळून जातात. शिवाय निर्देशांक हा एका वर्षाची स्थिती दाखवितो. ती स्थिती कशी आली हे तो सांगत नाही.

खारेपाट : मानवनिर्मित भूमी

अलिबाग तालुक्याचा पोयनाडपासून धरमतर खाडीपर्यंतचा भाग आणि त्याला लागून असलेला पेण तालुक्याचा खाडीकाठ हा प्रदेश खारेपाट म्हणून ओळखला जातो. ही भूमी मोठ्या प्रमाणावर मानवी श्रमाने समुद्रापासून सोडवून घेतलेली आहे. भरतीचे पाणी अडविण्यासाठी चिखलमातीचा बांध घालावयाचा, त्याला दगडांचा आधार द्यावयाचा, पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर जावे आणि भरतीचे पाणी आत येऊ नये यासाठी बांधात उघाडी ठेवावयाची, आणि पावसाने जमिनीतील क्षार धुऊन निघाल्यावर तेथे भात घ्यावयाचे, अशी ही पद्धती होती. भुरा रता, काळा रता यांसारख्या क्षार सहन करणाऱ्या स्थानिक भातजाती या शेतीचा आधार होत्या. पुढे पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने याच परंपरेच्या पायावर सुधारित जाती विकसित केल्या.

येथे शेती आणि मासेमारी यांची फारकत पूर्वी कधीच पूर्ण नव्हती. आगरी समाजाचे नावच मिठाच्या आगराशी निगडित आहे. भात, मीठ आणि खाडीतील मासळी या तिन्हींवर त्यांचा उदरनिर्वाह चाले. खारेपाटात घराजवळच्या तळ्यात जिताडा वाढविण्याची प्रथा आजही टिकून आहे. एक पीक गेले तर दुसऱ्या साधनावर तग धरावयाचा, हे या समाजाचे जुने अनुकूलन होय. आधुनिक परिभाषेत ज्याला उपजीविकेचे वैविध्य म्हणतात ते येथे व्यवहारात होते.

परंतु या सर्व व्यवस्थेचा प्राण बांध हा होता. उधाणाच्या भरतीत बांधाला एक खांड पडली तरी खारे पाणी अनेक खातेदारांच्या शेतात शिरते आणि जमीन पुन्हा पिकाऊ होण्यास काही पावसाळे जावे लागतात. म्हणजे येथे एका शेतकऱ्याची सुरक्षितता दुसऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून असते. बांध ही खाजगी मालमत्ता होऊच शकत नाही. ती अपरिहार्यपणे सामुदायिक जबाबदारी ठरते.

बांध कोणी राखावा?

या जबाबदारीचे तीन कालखंड इतिहासात दिसतात. पहिला शिलोत्री पद्धतीचा. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये या पद्धतीची नोंद आहे. बांध घालून जमीन लागवडीस आणणारे व बांधांची देखभाल करणारे मोठे खातेदार शिलोत्री म्हणून ओळखले जात आणि बांधाच्या खर्चापोटी जमीन कसणाऱ्यांकडून धान्यरूपाने आकारणी होई. ही व्यवस्था समतेची नव्हती. बांधाची निगा हेच कुळाकडून वसुली करण्याचे समर्थन होते. तरीही बांध फुटला तर त्याचे उत्तरदायित्व कोणाचे, याविषयी संदेह नव्हता.

दुसरा कालखंड संघर्षाचा होय. जमीनदार आणि खोत यांचा खंड वाढत गेला, कुळांवर कर्ज चढत गेले आणि बांधावरचे श्रम मात्र कुळांकडेच राहिले. याविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे कुळांनी जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. १९३९ पर्यंत चाललेला हा संप भारतीय शेतकरी चळवळीतील सर्वांत दीर्घ संपांपैकी एक मानला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्यास पाठिंबा दिला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती पद्धती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ चा कुळ कायदा, १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन या टप्प्यांतून कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला.

चरीच्या संपाचा अभ्यास सामान्यतः जमीन हक्काच्या अंगाने केला जातो, आणि ते योग्यच आहे. पर्यावरणीय इतिहासाच्या अंगाने पाहता त्यात आणखी एक बाब लक्षात येते. जमिनीचा हक्क कुळाकडे आला. पण पूर्वी जमीनदाराकडून अपेक्षित असलेला बांधाचा खर्च अल्पभूधारकाच्या आवाक्यात नव्हता. जुनी व्यवस्था अन्यायाची होती म्हणून ती जाणे आवश्यक होते. तिची जागा घेणारी तितकीच सक्षम सार्वजनिक व्यवस्था उभी राहणेही तितकेच आवश्यक होते.

तिसरा कालखंड शासकीय व्यवस्थेचा. १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास कायद्याने बांधांची जबाबदारी टप्प्याटप्प्याने शासनाकडे आली. खारभूमी विकास विभागामार्फत अनेक योजना पूर्ण झाल्या व मोठे क्षेत्र पुनःप्रापित झाले, हे मान्य केले पाहिजे. तथापि शासकीय योजनेत समाविष्ट बांध आणि खाजगी खारबांध असा भेद निर्माण झाला. समुद्राला हा भेद कळत नाही. एका बाजूचा बांध योजनेत आणि शेजारचा योजनेबाहेर असेल, तर पाणी दुर्बळ जागेतूनच आत शिरते. दुसरीकडे, देखभाल शासनाची असे ठरल्यावर गावाच्या सामुदायिक श्रमाची परंपरा क्षीण होत गेली. उधाणाचे वेळापत्रक पंचांगाप्रमाणे चालते. दुरुस्तीचे अंदाजपत्रक मात्र आर्थिक वर्षाप्रमाणे. अमावास्येला पडलेली खांड ज्या गावाने पूर्वी पुढील पौर्णिमेपूर्वी बुजविली असती, ती निविदेची वाट पाहत राहते आणि रुंदावते. धरमतर खाडीतील मालवाहू बार्जच्या लाटांनी बांध झिजतात, अशीही तक्रार खाडीकाठच्या गावांतून होत आली आहे.

खांड दीर्घकाळ उघडी राहिली की त्या जमिनीवर कांदळवन उगवते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यातील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या निर्णयात हे संरक्षण दृढ केले. किनाऱ्याच्या रक्षणासाठी आणि मासळीच्या प्रजननासाठी ही बाब अत्यंत हितावह आहे. पण ज्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर भातशेती आहे आणि प्रत्यक्षात कांदळवन उभे आहे, त्याची स्थिती विलक्षण होते. त्याला ती जमीन कसता येत नाही, आणि ती गेली असेही दप्तर म्हणत नाही. शेतकऱ्याचे नुकसान आणि मच्छीमाराचा लाभ एकाच घटनेतून उद्भवतात. दोन्ही समाजांचे मूल्यमापन वेगवेगळ्या खात्यांनी वेगवेगळे केले, तर हा परस्परसंबंध दृष्टिआड राहतो.

मच्छीमार : दप्तराबाहेरचा हक्क

शेतकऱ्याच्या हक्काला निदान सातबाऱ्याचा आधार आहे. मच्छीमाराचे शेत म्हणजे समुद्र, आणि त्याचा उतारा नसतो. २०१० च्या सागरी मत्स्य गणनेनुसार महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावे होती. यांतील कित्येक गावांत होड्या ओढण्याची, जाळी विणण्याची आणि बोंबील-जवळा सुकविण्याची जागा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीची असली, तरी महसुली दप्तरात ती कोळ्यांच्या नावे नाही. १९९१, २०११ व २०१९ या तीन वर्षांच्या किनारा नियमन अधिसूचनांमध्ये मच्छीमार वस्त्यांचा विचार कमी-अधिक प्रमाणात झाला. परंतु वहिवाटीचे हक्कात रूपांतर झाले नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात मासेमारीच्या यांत्रिकीकरणाने उत्पादन वाढविले आणि त्याचबरोबर भांडवल व कर्जाची गरजही वाढविली. शिडाच्या होडीला वाऱ्याची प्रतीक्षा असे. यांत्रिक नौकेला डिझेल, बर्फ आणि खलाशांची आगाऊ उचल लागते. किनाऱ्यालगत डोल जाळ्याने मासेमारी करणारा लहान मच्छीमार आणि खोल समुद्रातील मोठी नौका यांच्यातील संघर्ष वाढत गेला. तो आवरण्यासाठी १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा आला. २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालण्यात आले आणि २०२१ मध्ये मूळ कायद्यात सुधारणा झाली.

बंदरविकासाचा आघातही येथे विचारात घेणे आवश्यक आहे. उरण-पनवेल परिसरातील खाड्यांत भराव झाल्याने पारंपरिक मासेमारी बाधित झाली. या प्रकरणी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये १,६३० मच्छीमार कुटुंबांसाठी ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. ज्या जलक्षेत्राचा उतारा नाही त्याच्या हानीलाही मूल्य आहे, हे या निर्णयाने मान्य केले. म्हणून त्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे.

वादळे आणि पंचनामा

समुद्राची सरासरी जागतिक पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, असे आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या अहवालात नमूद आहे. मुंबईच्या अपोलो बंदर येथील भरतीमापनाची नोंद १८७८ पासूनची असून ती भारतातील सर्वांत जुन्या नोंदींपैकी आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९८२ ते २०१९ या काळातील उत्तरार्धात, म्हणजे २००१ नंतर, अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली.

या वाढीचा मच्छीमारांवर होणारा परिणाम वादळ कोणत्या महिन्यात येते यावर अवलंबून असतो. पावसाळ्यात नौका किनाऱ्याला ओढावयाच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा लोटावयाच्या, ही प्रथा म्हणजे पिढ्यांच्या अनुभवातून सिद्ध झालेली सुरक्षाव्यवस्था होती. जून-जुलैमधील शासकीय मासेमारी बंदी तिच्याशीच सुसंगत आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, ते पावसाळी बंदीच्या सुमारास. त्यात किनाऱ्यावरील नौका, जाळी आणि घरे यांचे मोठे नुकसान झाले. याउलट ११ नोव्हेंबर २००९ चे फयान, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील क्यार व महा आणि मे २०२१ चे तौक्ते ही वादळे मासेमारीच्या हंगामातच आली. फयानमध्ये दक्षिण कोकणातील मच्छीमारांना प्राण गमवावे लागले. परंपरेने ज्या महिन्यांना सुरक्षित मानले तेच महिने धोक्याचे ठरू लागले, हा या समाजाच्या अनुभवातील मूलभूत बदल होय.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये महाराष्ट्रात उतरविलेली सागरी मासळी सुमारे २.०१ लाख टन होती, आणि ४५ वर्षांतील ते नीचांकी प्रमाण होते. वादळांमुळे मासेमारीचे दिवस घटले, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. २०२० मध्ये राज्य शासनाने मच्छीमारांसाठी सुमारे ६५ कोटी रुपयांचे विशेष सहाय्य जाहीर केले. ते स्वागतार्ह होते. पण असे सहाय्य अपवादात्मक निर्णयावर अवलंबून राहते. नियमित पंचनाम्याच्या पद्धतीत मोडलेली नौका मोजली जाते, न गेलेली फेरी मोजली जात नाही. नौकेच्या मालकाची नोंद असते, वाट्यावर काम करणाऱ्या खलाशाची सहसा नसते. आणि जिची टोपली रिकामी राहिली त्या मासळी विकणाऱ्या वा सुकविणाऱ्या स्त्रीजवळ सातबाराही नसतो आणि नौकेचे नोंदणीपत्रही. अवकाळी पावसात वाळत घातलेले बोंबील कुजले तर ती हानी शेतीची मानावयाची की मासेमारीची, हे ठरविणारे कोष्टकच उपलब्ध नसते.

शेतकऱ्यांबाबतही असेच दिसते. निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरूड भागातील नारळ-सुपारीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. कोकणातील धारणक्षेत्र अत्यल्प आणि सामाईक असल्याने हेक्टरी दराने हिशोब केल्यास प्रत्येक वाटेकऱ्याच्या हाती येणारी रक्कम नगण्य ठरत होती. झाडनिहाय भरपाईची मागणी त्यातूनच पुढे आली. सुपारीचे झाड उत्पन्न देऊ लागण्यास अनेक वर्षे जातात; भरपाई मात्र एका हंगामाच्या नुकसानीची कल्पना करून ठरविली जाते. भातपिकासाठी आखलेली मोजपट्टी बागायतीला लावल्याचा हा परिणाम होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) किनारी समाजाची आघातप्रवणता ही केवळ भौगोलिक स्थिती नसून ऐतिहासिक प्रक्रिया आहे. खारेपाटात ती बांधाच्या जबाबदारीच्या बदलत्या व्यवस्थेतून, तर मच्छीमारांत वहिवाटीला हक्काचे स्वरूप न मिळाल्यामुळे तीव्र झालेली दिसते.

२) कुळ कायद्यांनी सामाजिक न्याय प्रस्थापित केला. मात्र जमीनहक्काच्या हस्तांतरणाबरोबर बांध राखण्याची सामुदायिक यंत्रणा पुरेशी उभी राहिली नाही. यासाठी दोष कायद्यांना देता येत नाही. अपुऱ्या पाठपुराव्याला द्यावा लागतो.

३) मूल्यमापनाचे एकक जिल्हा न ठेवता खाडी आणि तिच्याशी निगडित गावांचा समूह हे ठेवल्यास शेतकरी व मच्छीमार यांचे परस्परावलंबन लक्षात येईल. कांदळवनाखाली गेलेल्या शेतजमिनीचा प्रश्नही अशाच एकत्रित विचाराने सुटू शकेल.

४) मासेमारीचे बुडालेले दिवस, मासळी सुकविण्याच्या जागा, स्त्रियांचे व खलाशांचे उत्पन्न यांची नियमित नोंद ही मूल्यमापनाची पूर्वअट आहे. जे दप्तरात नाही ते निर्देशांकातही येत नाही, आणि जे निर्देशांकात नाही ते अंदाजपत्रकातही येत नाही.

५) बांधाच्या तातडीच्या दुरुस्तीसाठी ग्रामपातळीवर निधी व अधिकार दिल्यास सामुदायिक श्रमाच्या परंपरेला नव्या, समतेच्या पायावर उभे करता येईल. जुन्या शिलोत्री पद्धतीतील विषमता टाळून तिच्यातील उत्तरदायित्वाची स्पष्टता स्वीकारणे शक्य आहे.

चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये जमीन कोणाची हा प्रश्न विचारला आणि पुढील पाव शतकात त्याचे उत्तर कायद्याने दिले. बांध कोणाचा, आणि समुद्रावरची वहिवाट कोणाची, या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र अद्याप पूर्णतः मिळालेली नाहीत. समुद्राची पातळी वाढत असताना ही उत्तरे लांबणीवर टाकणे किनारी समाजाला परवडणारे नाही.